शिवेवरच्या विहिरीबद्दल, दोन्ही जिल्हाधिकारी साहेबांना

मा. जिल्हाधिकारी साहेब, बेळगाव
मा. जिल्हाधिकारी साहेब, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितेय, कारण माझं रान तुम्हा दोघांत वाटलेलं आहे. बावीस गुंठे बेळगाव तालुक्यात, चौदा गुंठे चंदगड तालुक्यात, आणि मधे एक ओढा. ओढ्याच्या अलीकडच्या कागदाला पहाणी म्हणतात, पलीकडच्याला सात-बारा. माझ्या सासूबाईंना हा फरक शेवटपर्यंत पटला नाही. त्यांच्या लेखी एक खालचं रान होतं आणि एक वरचं.

आधीच सांगून टाकते, हे पत्र सीमाप्रश्नाबद्दल नाही. तो १९५६ पासून आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि माझ्यासारखीच्या चार ओळींनी तो सुटणार नाही. मला विहिरीबद्दल लिहायचंय. आमची विहीर पलीकडे आहे आणि भाजी अलीकडे. कर्नाटकात शेतीपंपाला दहा एचपीपर्यंत वीज फुकट आहे, पण आमची मोटर पडली ओढ्यापल्याड. म्हणजे तेव्हा वीजबिल महाराष्ट्राचं आणि कोबी कर्नाटकचा. एरवी या गोष्टीवर आम्ही घरात हसायचो. मार्च २०२० मध्ये हसू आलं नाही.

त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. लॉकडाऊनचा पहिला दिवसही तोच. सकाळी गुढी उभी केली आणि हे मोटर सुरू करायला म्हणून निघाले, ते दहा मिनिटांत परत. ओढ्यावर एक मोरी आहे, बैलगाडी जाईल एवढी. रात्रीत तिच्यावर जेसीबीने चर मारला होता आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. कुणी मारला म्हणून विचारलं, तर अलीकडचे म्हणाले पलीकडच्यांनी, पलीकडचे म्हणाले अलीकडच्यांनी. मी नाद सोडला. भीती दोन्हीकडे होती, आणि त्या दिवसांत प्रत्येक गावाने आपापल्या वेशीवर काटे लावलेच होते. आमच्या गावानेही पाहुण्यांना बंदीचा फलक लावला होता, तो रंगवणारा माझा पुतण्याच.

डांबरी रस्त्याने जायचं तर तीन किलोमीटर वळसा आणि मधे नाका. नाक्यावर पास विचारला. कसला पास, तर दुसऱ्या राज्यात जायचा. पुढे मे महिन्यात पास निघाले, ते मोबाईलवर. कर्नाटकात परतायचं तर सेवा सिंधूवर अर्ज, तिकडे जायचं तर महाराष्ट्राची वेगळी साइट. कारणं निवडायची होती: वैद्यकीय, मृत्यू, अडकलेले कामगार. ‘विहिरीची मोटर चालू करणे’ हे कारण कुठल्याच यादीत नव्हतं. पुतण्या म्हणाला, काकी, मयत लिहू काय? मी म्हटलं, कुणाचं लिहिणार, कोबीचं?

पास निघायच्या आधी तीन आठवडे हे रात्री ओढ्यातून जायचे. मार्चात ओढा कोरडाच असतो. बॅटरी न लावता जायचं, स्टार्टर दाबायचा, दोन तास झाडाखाली बसायचं, मोटर बंद करून परत यायचं. तिसऱ्या रात्री तिकडच्या कुणीतरी चोर म्हणून आरडाओरडा केला. आमच्याच विहिरीवर. आवाज ओळखला म्हणून थोडक्यात निभावलं, पण त्यानंतर आठ दिवस ह्यांना झोप नव्हती.

आता यातली गंमत ऐका. केंद्राच्या गृहखात्याने २७ मार्चलाच आदेश काढून शेतीची कामं, शेतमजूर आणि बाजार समित्या यांना लॉकडाऊनमधून सूट दिली होती. लॉकडाऊन सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. म्हणजे दिल्लीत शेतकरी मोकळा होता. बेळगावात आणि कोल्हापुरातही कागदावर मोकळाच असणार. पण तो कागद आमच्या नाक्यावर पोचेपर्यंत वैशाख उजाडला, आणि पोचला तो कन्नडमध्ये. नाक्यावरचा शिपाई बिचारा बागलकोटकडचा, त्याला मराठी येत नव्हतं, ह्यांना तेवढं कन्नड बोलता येत नव्हतं. दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत एकमेकांना ‘अलाऊ है’, ‘अलाऊ नहीं’ म्हणत उभे. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे ठरून कित्येक दशकं झाली. त्यासाठी इतरांनी पुष्कळ निवेदनं दिली आहेत. मी एवढंच म्हणते, साथीच्या दिवसांत न कळलेली सूचना ही न काढलेली सूचनाच असते.

कोबीचं पुढे काय झालं ते सांगते. बावीस गुंठ्यांत नऊ हजार रोपं लावली होती. आमच्या पश्चिम भागातली भाजी दोन वाटांनी जाते: एक बेळगावच्या बाजारात, दुसरी घाटाखाली. घाटाखाली म्हणजे गोव्याला. गोव्याचं फलोत्पादन महामंडळ आपल्या गाड्यांवर जी स्वस्त भाजी विकतं, तिच्यातली बरीचशी बेळगावचीच असते. संध्याकाळी माल भरला की रात्री चोर्ल्याचा घाट उतरून पहाटे म्हापसा, पणजी. तीन-चार तासांचा रस्ता. तो बंद झाला. गोव्याने सीमा मिटल्या, आणि सुरुवातीचे काही दिवस तर तिथे किराण्याची दुकानंही उघडत नव्हती.

माझी नणंद डिचोलीला दिली आहे. तिचा फोन आला, “वैनी, आठ दिवस झाले, घरात कांदा सोडून काय नाही. पोरं पेज पिऊन कंटाळली.” मी फोन कानाला लावून बांधावर उभी होते, आणि समोर गड्डे तडकत होते. कोबी वेळेवर काढला नाही आणि वर पाणी मिळालं की गड्डा आतून फुगतो, मग डोक्यावर चीर पडते. एकदा चीर पडली की दोन दिवसांत काळा पडायला लागतो. ज्या पाण्यासाठी ह्यांनी चोरी केली, त्याच पाण्याने कोबी फुटला. न पाजता वाळवला असता तरी गेलाच असता म्हणा. नणंदेला मी काय सांगणार? म्हटलं, पाऊस लागू दे, येतेच घेऊन.

म्हशींना घातला. पण म्हैस किती कोबी खाणार, आणि जास्त खाल्ला की दुधाला वास येतो. दूध तरी कुठे जात होतं? हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, कुंदा या मिठाईच्या भट्ट्या बंद. गवळ्याने एक वेळचंच दूध न्यायला सुरुवात केली. शेवटी धनगराला सांगितलं, बकरी घाल. त्याने दोन दिवस बसवली आणि खताचे म्हणून उलट मलाच पैसे मागितले. दिले.

बाजाराचं अडत-हमालीचं रडगाणं इथे गात नाही, ते कोरोनाआधीही होतं आणि आताही आहे. फक्त एक पट्टी, म्हणजे अडत्याने दिलेला हिशेबाचा कागद, मी जपून ठेवलीय. एप्रिलमध्ये ओळखीच्या टेंपोतून वीस पोती कोबी पाठवला होता. भाडं, हमाली, अडत वजा जाऊन पट्टीवर खाली आकडा आला तो उणे. म्हणजे कोबी विकून मीच देणं लागत होते. अडत्याने ते मागितलं नाही, ही त्याची माणुसकी.

मग मी बुट्टी घेतली. शहरातल्या एका वसाहतीत गल्लोगल्ली फिरले, नुसती कोथिंबीर आणि मेथी घेऊन. वरच्या मजल्यावरून बायका दोरीला पिशवी बांधून खाली सोडायच्या, पिशवीत पैसे आणि पैशांवर सॅनिटायझर शिंपडलेलं. ओल्या नोटा मी पदराला पुसायची. एकीने रोज दोन पेंड्या जास्त घेतल्या आणि म्हणाली, शेजारणीला देते, तिच्या नवऱ्याचं काम गेलंय. ही माणसं आणि माझा कोबी यांच्यात अठरा किलोमीटरचं अंतर होतं. एका बाजूला खाणारे उपाशी, दुसऱ्या बाजूला पिकवणारे कुजलेल्या पिकात उभे. मधे नुसता रस्ता.

‘अन्नसुरक्षा’ हा शब्द तेव्हा टीव्हीवर फार ऐकला. केंद्राने माणशी पाच किलो तांदूळ फुकट दिला, एप्रिलपासून जूनपर्यंत, नंतर नोव्हेंबरपर्यंत वाढवला. तो आम्ही घेतला आणि खाल्ला, त्याला नाव ठेवणार नाही. पण आमच्याकडे तांदूळ पिकतोच. आमच्या घरात कमी पडलं ते तेल, डाळ, मीठ, चहापत्ती, म्हणजे जे पैशाने आणायचं ते. आणि पैसा उभा होता रानात, तडकून. भाजीवाल्याची अन्नसुरक्षा म्हणजे भाजी विकली जाणं, हे कुणी तरी लिहून ठेवायला हवं होतं.

शिवाय घरं भरली. धाकटे दीर पुण्याहून आले, चुलत पुतणे दोघे गोव्यातल्या हॉटेलांतून आले, गल्लीत प्रत्येक घरात दोन-तीन माणसं वाढली. १ जानेवारी २०२० पासून कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा धरून बारा राज्यांत एकाचं रेशनकार्ड दुसरीकडे चालणार असं ठरलं होतं. पोरांना हे ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी उपयोग काय, कार्ड गावी ट्रंकेत, माणूस पणजीत. ती चालत, मिळेल त्या गाडीने आली. आल्यावर चौदा दिवस शाळेत ठेवली. सासूबाई रोज शाळेच्या कंपाउंडवरून भाकरी द्यायच्या.

इंद्रायणीची पोती आम्ही दिवाळीपर्यंत पुरतील अशी मोजून ठेवतो. त्या वर्षी मे संपता संपता शेवटचं पोतं उघडलं. मग बियाण्याच्या भातावर हात पडला. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट बोलत नाहीत. सासूबाईंनी बियाण्याची मोट स्वतः सोडली, गिरणीला पाठवताना माझ्याकडे बघितलं नाही. धूळवाफ पेरणीला, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरतो तिला, आम्ही कर्नाटकाच्या कृषिखात्याच्या रयत संपर्क केंद्रातून बियाणं आणलं, तेही अर्धंच मिळालं. उरलेल्या वाफ्यात रताळ्याचे वेल टाकले. पीक बरं आलं, पण घरचं वाण गेलं ते गेलंच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या भागातल्या किती घरांची पोती भिजली होती ते आठवा, म्हणजे २०२० मध्ये कणग्या आधीच का रिकाम्या होत्या ते कळेल. आपत्ती एकेकटी मोजायची सवय तुमच्या खात्यांना आहे: पूर वेगळा, साथ वेगळी. घरातली कणगी मात्र एकच असते.

दुसरी लाट २०२१ ची. ती गावात शिरली, हा पहिल्या वर्षापेक्षा फरक. आमच्या गल्लीतले एक तात्या मे महिन्यात गेले, आणि त्यांच्या रानाची पेरणी भाऊबंदांनी तोंडाला टॉवेल बांधून एका दिवसात उरकली, घरच्यांना बांधावरही येऊ दिलं नाही. याबद्दल जास्त लिहवत नाही.

त्या वेळी विक्रीची मुभा सकाळी सहा ते दहा. शहरात राहणाऱ्याला हे पुरेसं वाटेल. बस बंद, गाव अठरा किलोमीटरवर. सहाला शहरात पोचायचं तर मेथी रात्रीच उपटावी लागे, बॅटरी दातात धरून. सहाला पोचलं तर गिऱ्हाईक झोपलेलं, आठला जरा गर्दी, साडेनऊला लाठी. बेळगाव तर त्या अकरा जिल्ह्यांत होतं जिथे बाकी राज्य सुटल्यावरही निर्बंध २१ जूनपर्यंत लांबले. आणि आमच्या ओढ्यापुरतं सांगायचं, तर महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला आरटीपीसीआरचा ७२ तासांच्या आतला अहवाल लागायचा. मोटर बंद करून परत येणाऱ्या माणसाने दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची? हे म्हणाले, मोटरचीच टेस्ट करून घ्या.

मदत जाहीर झाली, खोटं बोलणार नाही. मे २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने फूल, फळ आणि भाजीवाल्यांना हेक्टरी १०,००० रुपये दिले, एक हेक्टरपर्यंत. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, तेव्हा गुंठ्याला साधारण शंभर रुपये. आमच्या बावीस गुंठ्यांत त्या वेळी फ्लॉवर होता. हिशेबाने बावीसशे येतात. रोपाला सत्तर पैसे धरले तरी नऊ हजार रोपांचे सहा हजार तीनशे झाले होते, खत आणि औषध वेगळंच. पण तेही बावीसशे आले नाहीत, कारण पहाणीवर पीक लागलं होतं भात. पावसाळ्यात भात असतोच. भात निघाल्यावर भाजी लावतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत, कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. शिवाय उतारा अजून मामंजींच्या आणि दोन चुलत सासऱ्यांच्या नावावर सामाईक. रान मी करते, बुट्टी मी वाहते, कागदावर मी नाहीच. आमच्या शेजारची एक बाई दुसऱ्याचं रान अर्धलीने करते. तिचा तर प्रश्नच नको, रान ज्याचं तो बेळगावात नोकरीला आहे आणि पैसे त्याच्या खात्यावर गेले. त्याने तिला एक साडी आणली.

पलीकडच्या चौदा गुंठ्यांत मिरची होती. ते रान महाराष्ट्रात, तेव्हा कर्नाटकाची मदत तिथे लागू नाही, हे मला मान्य. पण तिकडे चौकशी केली तर पहिला प्रश्न आला, तुमचं रेशनकार्ड कुठलं? पिकाची नुकसानी विचारायला गेले आणि मला रेशनकार्ड विचारलं.

आता मागणं. साथ परत येईल की नाही ते डॉक्टर सांगतील, पण सीमा परत मिटेल हे मी सांगते. साथ नाही तर जनावरांचा रोग, नाही तर आंदोलन, नाही तर निवडणूक. दर वेळी नाका उभा राहतो आणि दर वेळी आम्ही शिपायाला पहिल्यापासून समजावतो. तेव्हा शांततेच्या दिवसांतच एक काम करा. ज्यांचं घर एका राज्यात आणि रान किंवा विहीर दुसऱ्या राज्यात, अशांची यादी करा. फार लोक नाहीत. निपाणीकडे कागलच्या शिवेवर असतील, आमच्याकडे चंदगडच्या. तलाठ्याला एक दिवस लागेल, दोन्हीकडचे तलाठी एकत्र बसले तर अर्धा. प्रत्येकाला एक ओळखपत्र द्या, प्लास्टिकचं, फोटोचं, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत, आणि त्यावर तुमच्या दोघांच्या सह्या. दोघांच्या. एकाची सही असली की दुसऱ्या बाजूचा शिपाई ओळखत नाही, हे मी स्वतः बघितलंय. मोबाईलवरचं काही नको, आमच्या ओढ्यात रेंज नाही.

हे जमणार नाही असं कृपा करून सांगू नका. पूर आला की तुम्ही दोघं एकमेकांशी तासातासाला बोलता. अलमट्टीतून किती क्युसेक सोडलं, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती येतंय, कोयनेचे दरवाजे किती फूट उघडले, हे आम्हाला पेपरात रोज वाचायला मिळतं. पाण्याने सीमा ओलांडली तर दोन्ही कचेऱ्यांत रात्रभर दिवे असतात. माझ्या मालकाने ओलांडली तर मात्र पास.

दुसरं, गोव्याचं. तिथल्या साहेबांना मी ओळखत नाही, तुम्ही ओळखत असाल. भाजीच्या गाड्यांचा घाट साथीतही कसा चालू राहील, चालक कुठे उतरेल, माल कुठे बदलेल, हे आत्ताच लिहून ठेवा. २०२० मध्ये ते काही दिवसांनी सुरू झालंच, पण तोवर आमचं पीक गेलं होतं आणि डिचोलीच्या पोरांनी पेज प्यायली होती. शेतमालाला आठवडा म्हणजे जन्म असतो.

आणि नुकसान बघायचं तर रानात येऊन बघा, पंचायतीच्या माणसाला घेऊन, जो कसतो त्याच्या नावाने पंचनामा करा. पहाणीत काय लिहिलंय ते नंतर बघू. बियाण्याबद्दल सुद्धा लिहायचं होतं, प्रत्येक पंचायतीत दहा पोती घरचं भात राखून ठेवता येईल काय म्हणून. पण ते आमच्या गावातच आधी भांडून ठरवावं लागेल, तुम्हाला त्यात ओढत नाही.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. खालचं रान आणि वरचं रान असं म्हणणारं आता घरात कोणी उरलं नाही, पोरं ‘महाराष्ट्रातलं’ आणि ‘कर्नाटकातलं’ म्हणतात.

धूळवाफ पेरणी उरकलीय, मृग तोंडावर आहे. मोरीवरचा तो चर अजून अर्धाच बुजलाय, कुणी बुजवायचा यावर दोन पंचायतींचं एकमत झालेलं नाही. जागा बघायला म्हणून तुम्ही दोघं एकाच दिवशी येणार असाल तर पावसाच्या आत या, ओढा कोरडा आहे तोवर. नंतर चपला हातात घ्याव्या लागतील.

आपली,
बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली एक भाजीवाली